काचेच्या पेटीतील संसार

शहरातल्या बिऱ्हाडात माशांची पेटी येते ती बहुधा रविवारी. मुंबईत कुर्ल्याच्या, कोलकात्यात गॅलिफ स्ट्रीटच्या किंवा चेन्नईत कोलत्तूरच्या बाजारातून एकाच फेरीत पेटी, वाळू, प्लास्टिकचा किल्ला आणि पंचवीस-तीस रंगीत मासे घरी येतात. संध्याकाळी पेटी भरली जाते, दिवा लागतो, आणि शेजारपाजारची मुले काचेला नाक लावून उभी राहतात. चौथ्या दिवशी एखादा मासा पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागतो. आठवडा सरेपर्यंत निम्मी पेटी ओस पडते. विकणारा पाण्याला दोष देतो, घेणारा विकणाऱ्याला. आणि ‘ही जातच नाजूक’ असे म्हणून सारेजण आपापल्या कामाला लागतात. वास्तविक मासे नाजूक नव्हते. घर तयार होण्यापूर्वीच पाहुण्यांना बोलावणे गेले होते, एवढेच.

माशाच्या कल्ल्यांवाटे अमोनिया अखंड पाझरत असतो. नदीत तो वाहून जातो; पेटीत मात्र जाणार कोठे? उरलेले अन्न कुजून त्यात भर घालते, आणि मासा आपल्याच विषात कोंडला जातो. 1850 साली लंडनमधील रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने काचपात्रात गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगाई एकत्र नांदवून दाखविल्या, तेव्हा वनस्पती आणि प्राणी परस्परांना सांभाळतात, हे त्या प्रयोगाचे इंगित मानले गेले. ते खोटे नव्हे, पण अपुरे होते. या संसारातला तिसरा भागीदार डोळ्यांना दिसत नाही. विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने 1890 च्या सुमारास मातीतून असे जीवाणू वेगळे काढले, की जे अमोनियावरच जगतात. एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. नायट्राइटही घातकच, ते रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती हिरावून घेते. नायट्रेट त्या मानाने सौम्य. काही वनस्पती शोषतात, उरलेले पाणी बदलताना निघून जाते. हे जीवाणू वाळूवर, काचेवर आणि मुख्यत्वे गाळणीच्या स्पंजावर वस्ती करतात, आणि ती वस्ती पुरी वसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

तेव्हा ते चार-सहा आठवडे पेटी माशांवाचून चालली पाहिजे. गाळणी रात्रंदिवस सुरू ठेवावी, रोज चिमूटभर खाद्य पाण्यात कुजू द्यावे, आणि परीक्षेच्या थेंबांनी अमोनिया व नायट्राइट वाढून पुन्हा शून्यावर आलेले पाहावे. एखाद्या स्नेह्याच्या जुन्या, निरोगी पेटीतला स्पंजाचा तुकडा मिळाला तर हा काळ पुष्कळ आखडतो. दह्याला विरजण मिळावे तसे होते. पुढे स्पंज धुण्याची वेळ आली की तो नळाखाली धरू नये. नळाच्या पाण्यातला क्लोरीन या वस्तीचा काळ. पेटीतून काढलेल्या पाण्यातच तो हलकेच पिळावा. पेटीत घालायच्या नव्या पाण्यातील क्लोरीन मारण्यास छायाचित्रकारांच्या परिचयाचा ‘हायपो’ पुरतो.

नवशिक्याने लहान पेटीपासून आरंभ करावा, असा एक समज रूढ आहे. तो उलटा आहे. लहान पेटीत एक मासा मेला आणि दिवसभर कोणाच्या ध्यानात आला नाही, तर सारे पाणी नासते. उन्हाळ्यात दुपारी ते पाहता पाहता तापते. मोठ्या पेटीला चूक पोटात घालण्याची शक्ती असते. चार फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद व उंच पेटीत नऊ घनफूट, म्हणजे सुमारे अडीचशे लिटर पाणी मावते. वाळू आणि काच धरून हे ओझे सव्वातीनशे किलोच्या घरात जाते. म्हणून ती भक्कम, सपाट घडवंचीवर, भिंतीलगत ठेवावी, जुन्या वाड्याच्या लाकडी माडीवर मधोमध नव्हे. खिडकीचे थेट ऊन लागले की काच शेवाळाने हिरवी होते. दगडावर शिरक्याचे थेंब टाकावेत. फेस आला तर त्यात चुना आहे आणि तो पाणी जड करील. किल्ल्याविषयी काही न बोललेले बरे.

आता बिऱ्हाडकरू. दुकानात अनेक देशांचे मासे हारीने मांडलेले असतात, परंतु आपल्याच देशातील नद्यांनी पेटी सुरेख सजते. धारीदार, चपळ झेब्रा मासे बारा. तांबूस झळाळीचे रोझी बार्ब आठ, त्यांत माद्या अधिक. मधाच्या रंगाचे, संथ हनी गुरामी चार. आणि तळाशी पाच ‘राणी’ मासे, ज्यांच्या अंगावर पिवळे-काळे पट्टे असतात. गंमत अशी, की या चारही जातींचे शास्त्रीय वर्णन कंपनी सरकारचा डॉक्टर फ्रान्सिस हॅमिल्टन याच्या गंगेतील माशांवरच्या एकाच ग्रंथात, 1822 साली, प्रथम आले. बावीस ते पंचवीस अंश उष्णता चौघांनाही मानवते. परंतु झेब्र्याला वाहते पाणी प्रिय, गुरामीला निवांत. येथे चार फूट लांबी कामास येते. गाळणीचा झोत एका टोकास ठेवावा, दुसऱ्या टोकास वॅलिस्नेरियाची दाट पाती लावावीत, म्हणजे एकाच घरात ओटीही होते आणि माजघरही. प्रथम झेब्रे यावेत, दोन आठवड्यांनी बार्ब, मग गुरामी. नवी तोंडे आली की जीवाणूंनाही आपली संख्या वाढवायला अवसर हवा. राणी सर्वांत शेवटी, कारण ती अजून बहुतेक नदीतूनच धरून आणतात. अपुऱ्या तयारीच्या पेटीत तिला लोटणे हा अपराधच होय.

काही माशांना मोहाने घरी आणू नये. ‘शार्क’ म्हणून विकले जाणारे रुपेरी पिल्लू पंगासचे असते, ते मीटरभराचे होते. काचमाशाच्या अंगावरचे झगझगीत रंग कित्येकदा सुईने टोचून भरलेले असतात. ‘मिस केरळ’ या नावाने गाजलेला, तांबड्या रेघेचा मासा आपल्या सह्याद्रीतला. 2013 साली त्याच्या गणाला ‘सह्याद्रिया’ हेच नाव मिळाले. बाजारासाठी बेसुमार पकडल्याने त्याची गणना आज धोक्यातील जातींत होते. संवर्धनकेंद्रात वाढविलेला असेल तरच घ्यावा, तोही थंड, वाहत्या पाण्याची सोय असेल तर. आणि कंटाळा आला म्हणून कोणताही मासा तळ्यात सोडू नये. दक्षिण अमेरिकेतील काच चाटणारा मासा असाच सुटून आज आपल्या अनेक जलाशयांत माजला आहे.

दर आठवड्यास चौथाई पाणी बदलावे, आणि खाद्य दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. एखाद्या सकाळी मूल धावत येऊन सांगेल की राणी मेली, आडवी पडली आहे. ती निजलेली असते. या जातीला कुशीवर पडण्याची खोड आहे. रात्री घर निवांत झाले आणि तळाशी खाद्याचा कण पडला, की काचेपलीकडून बारीक टकटक ऐकू येते. तो राणीच्या जेवणाचा आवाज.