आठ वजीर आणि माघार



आम्ही कला शाखेचे पदवीधर; गणिताशी आमचा संबंध प्रवासभत्त्याच्या बिलापुरता. तरीही आज आठ वजिरांविषयी बोलण्याचे धाडस करीत आहोत, कारण बदलीच्या प्रत्येक गावी या कोड्याने आमच्या संध्याकाळी खाल्ल्या आहेत.

कोडे जुने आहे. माक्स बेझेल या जर्मन बुद्धिबळपटूने ते १८४८ साली मांडले. पटाच्या चौसष्ट घरांत आठ वजीर असे बसवावयाचे की कोणीही कोणाच्या माऱ्यात येऊ नये. उभा नाही, आडवा नाही, तिरपा नाही. आमचे सात बसत आणि आठव्यास जागा नसे. मग आम्ही चिडून सारा पट मोडीत असू व पुन्हा श्रीगणेशा करीत असू. अशी वर्षे गेली.

गेल्या दिवाळीत, संगणकशास्त्र शिकणारी आमची कन्या म्हणाली, "बाबा, सगळा पट कशाला मोडता? शेवटचाच वजीर उचला ना!" ते आम्हांस थोडे लागले, हे कबूल करतो.

तिची रीत अशी. एका उभ्या ओळीत एकच वजीर मावणार. मग चौसष्ट घरांचे चित्र हवेच कशाला? टपालाच्या कप्प्यांसारखे आठ कप्पे घ्यावेत (ती मंडळी यास ॲरे म्हणतात) आणि प्रत्येकात त्या ओळीतील वजिराच्या घराचा क्रमांक लिहावा. दोन कप्प्यांत एकच आकडा आला की आडवा मारा. तिरप्या माऱ्याची युक्ती तर फारच गोड: घराच्या क्रमांकात ओळीचा क्रमांक मिळवून, आणि मग वजा करून पाहावे. दोघांची बेरीज किंवा वजाबाकी जुळली, की ते एकाच कर्णावर!

आता क्रमाने चला. १, ३, ५, २, ४ असे पाच बसतात. सहाव्यास जागा नाही. पाचव्याला ४ वरून ८ वर न्यावे, तरी सहावा उभाच. पाचव्याची घरे संपली, म्हणून चौथ्याकडे माघार. तो २ वरून ७ वर जातो. पहिल्या तिघांना हात लावावयाचा नाही. आम्हांस कठीण गेले ते एवढेच.

कन्येच्या यंत्राने क्षणार्धात सर्व ९२ उत्तरे दिली. फ्रान्झ नाउक यांनी १८५० साली हीच संख्या सांगितली होती. आम्ही मात्र कागद-पेन्सिल घेऊन दोन रविवार बसलो. पहिले उत्तर आले ते असे: १, ५, ८, ६, ३, ७, २, ४. बेरजा-वजाबाक्या अवश्य ताडून पाहाव्यात.