साचा आणि हात



दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली, की आपल्याकडे वाड्याच्या अंगणात, चाळीच्या जिन्याखाली, आणि हल्ली वसाहतीतल्या एखाद्या मोकळ्या कोपऱ्यातसुद्धा मातीचा किल्ला उभा राहू लागतो. दगडविटांचा गाभा, त्यावर चिखलात बुडवून अंथरलेले गोणपाट, उतारावर पेरलेले अळीव, कुंभाराकडून आणलेले मावळे आणि माथ्यावर सिंहासनाधिष्ठित महाराज, असा तो सारा सरंजाम चार दिवसांत सिद्ध होतो आणि पुढे यथावकाश मातीस मिळून जातो. या खटाटोपाचा उपयोग काय, असा प्रश्न त्या मुलांना कोणी विचारीत नाही. मी मात्र जवळजवळ त्याच जातीचा एक उद्योग मोठेपणी आणि परमुलखात आरंभिला, तेव्हा तोच प्रश्न मला वारंवार विचारण्यात आला. आणि त्याचे उत्तर द्यावे, म्हणूनच आज मी आपल्यासमोर बोलत आहे. तो उद्योग म्हणजे प्लास्टिकच्या सुट्या भागांतून यंत्रमानवाच्या प्रतिकृती जोडणे.

माझा पेशा साचे करण्याचा. पिंपरी-चिंचवडच्या एका टूलरूममध्ये उमेदवारी करून या कामात मुरल्यानंतर नोकरीनिमित्त मी सहकुटुंब जर्मनीत ऱ्हाइनकाठच्या ड्युसेलडॉर्फ शहरी राहावयास गेलो. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी व्यापारी पेढ्यांनी या शहरी दप्तरे थाटली, त्यांच्यामागून त्यांची कुटुंबे आली, आणि मुख्य स्थानकासमोरून निघणारी इमरमानश्ट्रासे ही सडक जपानी खानावळींनी आणि पुस्तकांच्या दुकानांनी गजबजून गेली. याच सडकेवर एका नोव्हेंबरातल्या शनिवारी नऊ वर्षांच्या माझ्या मुलीने एका रंगीत खोक्यावर बोट ठेवले. दुसऱ्या दिवशी रविवार होता. जर्मनीत रविवारी बाजार बंद असतो आणि भिंतीत खिळा ठोकण्याचीही मुभा नसते. बाहेर साडेचारच्या सुमारास काळोख दाटू लागतो. अशा त्या निःशब्द, लांबलचक संध्याकाळी आम्ही बापलेकींनी ते खोके उघडले.

त्यातल्या यंत्रमानवाचे नाव गुंडाम. 1979 च्या एप्रिलमध्ये योशियुकी तोमिनो या दिग्दर्शकाची याच नावाची चित्रमालिका जपानच्या दूरदर्शनवर सुरू झाली. प्रेक्षक अपेक्षेइतके न मिळाल्यामुळे ती योजलेल्या मुदतीपूर्वीच आटोपती घ्यावी लागली; परंतु 1980 च्या जुलैत बांदाई या कंपनीने तिच्यातल्या यंत्राची प्रतिकृती 300 येन किमतीस विक्रीस काढली, आणि त्या बंद पडलेल्या कथेला मुलांच्या हातांनी पुन्हा जीवदान दिले. कथेतला गुंडाम 18 मीटर उंचीचा. एकास एकशे चव्वेचाळीस या प्रमाणाने टेबलावर उभा राहणारा साडेबारा सेंटिमीटरांचा. हे प्रमाण वरकरणी विचित्र वाटते, परंतु प्रतिकृतीतला एक इंच म्हणजे मुळातले बारा फूट, इतका त्याचा हिशेब सरळ आहे.

बाहुली जपानी असली, तरी तिचा देह ज्या द्रव्याचा घडतो त्या पॉलिस्टायरिनचा वृत्तान्त जर्मन भूमीतलाच आहे, आणि त्याचा आरंभ आपल्या वैद्यांना परिचित असलेल्या एका पदार्थापासून होतो. आपण ज्याला शिलारस म्हणतो, त्या सुगंधी निर्यासाचे 1839 साली बर्लिनमधल्या एडुआर्ड सिमोन नावाच्या औषधविक्रेत्याने ऊर्ध्वपातन केले. त्यातून निघालेले तेल काही काळ ठेवून दिल्यावर आपोआप दाट होऊन खळीसारखे घट्ट झाले. हवेतल्या प्राणवायूमुळे असे घडले, असा त्याचा समज झाला. खरा उलगडा व्हावयास ऐंशीहून अधिक वर्षे जावी लागली. लहान रेणू एकमेकांचे हात धरून हजारोंच्या लांब साखळ्या बनवितात, हा सिद्धांत हेर्मान श्टाउडिंगर यांनी 1920 पासून आग्रहाने मांडला, पुढे फ्रायबुर्गच्या विद्यापीठात राहून विरोधकांच्या उपहासाला प्रयोगांनी उत्तरे दिली, आणि 1953 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दरम्यान 1930 च्या सुमारास लुडविग्सहाफेन येथे या द्रव्याचे औद्योगिक उत्पादन सुरूही झाले होते.

द्रव्य हाताशी आल्यावर त्याच्याशी खेळण्याचा शिरस्ता त्या देशात पडला, यात नवल नाही. काळ्या अरण्यातल्या ग्युटेनबाख या गावी एडविन आणि हेर्मान फालर या बंधूंनी 1946 साली कारखाना काढला, आणि खेळण्यातल्या आगगाडीच्या रुळांशेजारी उभारावयाची इवलीशी स्थानके आणि घरे पुढे प्लास्टिकमध्ये घडू लागली. सिगारींसाठी विख्यात असलेल्या ब्युंडे या वेस्टफालियातल्या गावी 1956 साली अमेरिकेतल्या रेव्हेल कंपनीची शाखा आली, आणि विमाने व जहाजे जोडणाऱ्या जर्मन मुलांच्या कित्येक पिढ्या तिच्या खोक्यांवर पोसल्या गेल्या. न्युर्नबेर्गला 1950 पासून खेळण्यांचा मोठा व्यापारमेळा भरतो. फावल्या वेळी स्वतःच्या हाताने काहीतरी जुळवीत बसण्याला जर्मन भाषेत 'बास्टेल्न' असे स्वतंत्र क्रियापद आहे. आपण 'खटपट' म्हणतो, त्यात थोडी कुरकुर मिसळलेली असते, त्या जर्मन शब्दात केवळ समाधान आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळतो. खोक्यात तयार बाहुली नसते. चौकटींत जडविलेले शंभराच्या आगेमागे सुटे भाग असतात, आणि प्रत्येकाशेजारी त्याचा क्रमांक असतो. पोलादी साच्याचे दोन अर्धभाग एकमेकांवर घट्ट दाबून धरले जातात, दोनशे अंशांहून अधिक तापलेले प्लास्टिक दाबाने आत शिरते, ज्या वाटांनी ते वाहते त्या वाटांचीच ही चौकट बनते. तिला आमच्या धंद्यात रनर म्हणतात, आणि ती भागाला जिथे चिकटलेली असते त्या अरुंद तोंडाला गेट. जुन्या संचांत गोंद आणि रंग दोन्ही लागत असत. 1990 नंतरच्या संचांत प्रत्येक भाग आपापल्या रंगातच ओतलेला असतो आणि खुंटी खाचेत बसवून जोडता येतो. त्यामुळे नवशिक्याला वाटते, की काम तासाभराचे.

मलाही तसेच वाटले. हुद्द्याने मी साचेकार, तेव्हा खेळण्यातल्या साच्याची काय मातबरी, अशा समजुतीने मी पहिला भाग कटरने गेटपाशीच एका दमात तोडला, आणि निळ्या छातीवर पांढरा डाग उमटला. शेजारच्या घरात एक वृद्ध गृहस्थ एकटे राहत. त्यांनी सारे आयुष्य ल्युडेनशाइडच्या परिसरात, म्हणजे साच्यांच्याच मुलखात, पोलाद कोरण्यात घालविले होते. आम्ही घरी त्यांना आजोबाच म्हणत असू. त्या संध्याकाळी ते सहज डोकावले, त्यांनी तो डाग पाहिला, आणि काही न बोलता कटर माझ्या हातून घेऊन मुलीच्या हाती दिला.

"आधी लांबून कापायचं," ते तिला म्हणाले, "मग उरलेला तुकडा जवळून. मग कानस. घाई केलीस, तर प्लास्टिक ओढलं जातं आणि ती ओढ त्याच्या अंगावर कायम राहते."

मग त्यांनी एक कवच उलटे करून तिला दाखविले. आतल्या बाजूला दोन वाटोळ्या खुणा होत्या. साचा उघडल्यावर भागाला बाहेर ढकलणाऱ्या पिनांचे ते ठसे. ते म्हणाले, "ही खूण कुठेतरी पडणारच. ती आतल्या अंगाला पडावी, म्हणून कुणीतरी खूप विचार केला आहे. तुम्हाला ती कधी दिसणार नाही. त्याला हे ठाऊक होतं." मी वीस वर्षे तसेच ठसे लपविण्याच्या तजविजी केल्या होत्या, परंतु त्यांबद्दल इतक्या आदराने बोललेले मी कधी ऐकले नव्हते.

यंत्रमानवाची ही आवड जर्मनीच्या मनाला परकी नाही. 1927 च्या जानेवारीत बर्लिनमध्ये फ्रिट्स लांग यांचा 'मेट्रोपोलिस' हा चित्रपट प्रथम दाखविण्यात आला. त्यातल्या यंत्रस्त्रीचा धातूसारखा भासणारा देह वाल्टर शुल्त्से-मिटेनडोर्फ या शिल्पकाराने लाकडाच्या भुशासारख्या लवचिक लगद्यातून अभिनेत्रीच्या मापाबरहुकूम घडविला होता. म्हणजे चित्रपटातले ते भयंकर यंत्रही वस्तुतः हाताने केलेली प्रतिकृतीच होती. मात्र ती यंत्रस्त्री मनुष्याची जागा बळकावते, तर गुंडामच्या पोटात मनुष्य बसावा लागतो. पंधरा वर्षांचा एक मुलगा ते यंत्र चालवितो, आणि युद्धातले प्रत्येक कृत्य त्याच्या मनावर ओझे होऊन राहते. मुलांच्या हाती युद्धाची खेळणी का द्यावीत, हा आक्षेप ज्या देशाने दोन महायुद्धांचे पाप आणि दुःख दोन्ही भोगले, तिथे मला अनेकदा ऐकावा लागला, आणि तो मी हलका मानीत नाही. माझे सांगणे इतकेच, की तोमिनोंच्या कथेत शत्रूलाही घरदार आणि शोक आहे. आणि जे यंत्र आपण खुंटी-खुंटीने जोडले, त्याची मोडतोड करण्याचा मोह मुलांना सहसा होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. लाखो प्रती एकाच साच्यातून निघतात, मग तुमचे त्यात काय, असे एका स्नेह्याने विचारले. मला तेव्हा पेणचे गणपतीचे कारखाने आठवले. तिथेही शाडूच्या शेकडो मूर्ती एकाच साच्यातून उतरतात आणि मांडणीवर ओळीने वाळत राहतात, तोवर त्या सारख्याच. परंतु आखणी करणारा कारागीर कुंचला घेऊन डोळ्यांसाठी बसला, की त्या श्वास रोखून ओढलेल्या रेषेबरोबर एक मूर्ती दुसरीपासून वेगळी होते. साचा आकार देतो. नजर हाताला द्यावी लागते. या छंदातही प्रत्येक गेट किती जपून कापले, कवचांतल्या बारीक खाचांत शाई कितपत भरली, आणि अखेरीस त्या देहाला कोणत्या पवित्र्यात उभे केले, यावरून एकाच खोक्यातले दोन यंत्रमानव दोन हातांची कैफियत सांगतात. तयार वस्तू विकत घेऊन वापरणाऱ्या आपल्या काळात, एखादी वस्तू कशी झाली आहे हे बोटांनी वाचता येणे, हीच मला या छंदाची मोठी मिळकत वाटते. आणि ज्याने ती घडविली त्या अनोळखी कारागिराविषयीची कृतज्ञता त्या वाचनातूनच उपजते.

आमचा पहिला यंत्रमानव सात रविवारांनी पुरा झाला. छातीवरचा पांढरा डाग माझा, बाकीचे काम बहुतांशी मुलीचे. तिने तो आजोबांकडे नेला. त्यांनी चष्मा लावला, तो हाती घेतला, आणि चेहरा, शस्त्र, ढाल यांपैकी कशाकडेही न पाहता प्रथम तो उलटा करून त्याचे तळवे पाहिले, जे टेबलावर उभे केल्यावर कोणालाही दिसणार नव्हते. तिथल्या गेटच्या खुणाही तिने चारशेच्या, सहाशेच्या आणि मग हजाराच्या पॉलिश पेपरने घासून नाहीशा केल्या होत्या. त्यांनी त्यावरून अंगठा फिरविला, तो पुन्हा एकदा फिरविला, आणि यंत्रमानव सुलटा करून दोन्ही हातांनी तिला परत दिला.