पेशीतील अग्नी आणि वार्धक्य



जठरात अग्नी वसतो, तो अन्न पचवितो आणि त्याच्यावर देह चालतो, ही कल्पना या देशात फार जुनी आहे. आधुनिक शरीरशास्त्राने तिला एका अर्थी दुजोराच दिला. फक्त अग्नीचे स्थान बदलले. जठरात आणि आतड्यात अन्नाचे तुकडे होतात. त्याचे खरे ज्वलन होते ते पेशीच्या आत, तंतुकणिका नावाच्या अतिसूक्ष्म कोठ्यांत. मायटोकाँड्रिया हे त्यांचे शास्त्रीय नाव १८९८ साली कार्ल बेंडा या जर्मन संशोधकाने धागा आणि दाणा या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून सिद्ध केले. आपल्या पूर्वजांना तंतुकणिका ठाऊक होत्या, असा दावा मात्र कोणी करू नये. उपमेचा मान उपमेला आणि प्रयोगाचा मान प्रयोगाला दिला म्हणजे दोहोंचीही शोभा राहते.

हे ज्वलन चुलीतल्या लाकडासारखे भडकून होत नाही. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन तंतुकणिकेच्या आतल्या पापुद्र्यातील प्रथिनांच्या हातून हाती जात जात शेवटी श्वासावाटे आलेल्या प्राणवायूला मिळतात आणि तेथे पाणी तयार होते. या वाटचालीत सुटणाऱ्या शक्तीने प्रोटॉन पापुद्र्याच्या एका अंगास कोंडले जातात. धरणात पाणी अडवावे तसे. हा पापुद्रा मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही पातळ आहे, आणि त्याच्या दोन अंगांत सुमारे दीडशे मिलिव्होल्टचा दाब असतो. आकडा लहान दिसतो. परंतु जाडीच्या मानाने पाहिले तर आकाशात वीज कडाडण्यास लागणाऱ्या विद्युत्क्षेत्रापेक्षा हे क्षेत्र कितीतरी पट प्रखर आहे. अडविलेले प्रोटॉन परत येताना एक प्रथिनमय चक्र सेकंदाला शंभराहून अधिक फेरे घेत फिरते आणि एटीपी नावाचे द्रव्य घडविते. पीटर मिचेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १९६१ साली ही धरणाची उपपत्ती मांडली, तेव्हा ती फारच थोड्यांना पटली. पुढे कॉर्नवॉलमधील एका जुन्या वाड्यात खासगी प्रयोगशाळा थाटून त्याने काम चालविले, आणि १९७८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

एटीपी हे पेशीचे चलनी नाणे होय. ते प्रथम ओळखणाऱ्यांत आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव होते, याची आठवण आपल्याकडे क्वचितच निघते. १९२९ साली हार्वर्ड येथे सायरस फिस्के यांच्यासह त्यांनी, आणि त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनी स्वतंत्रपणे, हे द्रव्य शोधले. माणूस दिवसाकाठी जवळजवळ स्वतःच्या वजनाइतके एटीपी घडवितो आणि खर्चितो. ही देवघेव थांबली की काही मिनिटांत मेंदूच्या पेशी मरू लागतात.

तथापि तंतुकणिकेकडे केवळ अन्नपूर्णेचेच काम आहे असे नाही. इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या प्रथिनांत सायटोक्रोम सी नावाचे एक लहानसे प्रथिन आहे. सायटोक्रोम हे नाव डेव्हिड केलिन यांनी १९२५ साली दिले. हे प्रथिन पापुद्र्याशी आपल्या जागी असते तोवर पेशी जगते. ते तंतुकणिकेतून बाहेर पडले की पेशीचा शिस्तबद्ध अंत सुरू होतो, असे १९९६ साली शाओदोंग वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत दाखवून दिले. जीवन चालविणारा सेवकच मृत्यूचा दूत व्हावा, ही घटना अद्भुत खरी; पण तिच्यात क्रौर्य शोधण्याचे कारण नाही. गर्भातील बाळाची बोटे सुटी होतात ती मधल्या पेशी अशाच मरतात म्हणून. जी पेशी मरावयास हवी असताना मरत नाही, ती कर्करोगाच्या वाटेने जाऊ शकते.

आता वार्धक्याचा प्रश्न. १९५६ साली डेनम हार्मन या अमेरिकन वैद्यकाने असा विचार मांडला की, जगताना निर्माण होणारी फ्री रॅडिकल नावाची उतावळी द्रव्ये पेशींना हळूहळू पोखरतात आणि तेच म्हातारपण. १९७२ साली त्याने या द्रव्यांचे उगमस्थान म्हणून तंतुकणिकेकडे बोट दाखविले. प्राणवायूपर्यंत नीट पोचण्याआधीच काही इलेक्ट्रॉन वाटेत निसटतात, त्यातून ही काजळी धरते. विचार सुटसुटीत होता, आणि सुटसुटीत विचाराला गिऱ्हाईक लवकर मिळते. काजळी पुसणारी जीवनसत्त्वे घ्या आणि तारुण्य टिकवा, अशी जाहिरातही त्यामागोमाग आली.

परीक्षा झाली ती फिनलंडमध्ये. धूम्रपान करणाऱ्या, पन्नास ते एकोणसत्तर वयाच्या २९,१३३ पुरुषांची गटवारी करून काहींना बीटा कॅरोटीन, काहींना ई जीवनसत्त्व, काहींना दोन्ही आणि काहींना निव्वळ पोकळ गोळी पाच ते आठ वर्षे देण्यात आली. १९९४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी १८ टक्क्यांनी अधिक आढळला, आणि एकूण मृत्यूही ८ टक्क्यांनी अधिक झाले. गोळ्यांची विक्री या निष्कर्षाने थांबली नाही, हे सांगावयास नको. २००९ साली जर्मनीत मिखाएल रिस्टो आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट उजेडात आणली. चार आठवडे व्यायाम करणाऱ्या तरुणांपैकी ज्यांना सी आणि ई जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा दिल्या, त्यांच्या शरीराला इन्सुलिनच्या बाबतीत व्यायामाचा होणारा लाभच मिळाला नाही. थोडी काजळी ही पेशीला सावध करणारी सूचना असते, आणि गोळीने ती सूचनाच पुसली गेली, असा त्याचा अर्थ लावला जातो.

अग्नी जितका प्रखर तितके आयुष्य अल्प, असाही एक समज १९२८ साली रेमंड पर्ल यांच्या ग्रंथाने रूढ केला होता. देवळाच्या शिखरावर घुमणारा पारवा त्याला खोटे पाडतो. प्रयोगशाळेतला मोठा उंदीर वजनाने पारव्याच्याच तोलाचा. पारव्याचा अग्नी त्याच्याहून तीव्र. तरी उंदीर चार वर्षांपलीकडे क्वचित जातो आणि पारवा तीस वर्षेही जगू शकतो. माद्रिदच्या गुस्ताव्हो बार्हा यांना १९९० च्या दशकात आढळले की, पारव्याच्या तंतुकणिकांतून गळती कमी होते. म्हणजे किती जळते यापेक्षा कसे जळते, याला महत्त्व.

तंतुकणिकेला स्वतःची जनुके असतात आणि ती आपल्याला केवळ आईकडून मिळतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी दुसऱ्या पेशीत वस्तीला आलेल्या जीवाणूचा तो वारसा होय. मानवी तंतुकणिकेच्या जनुकसूत्रात १६,५६९ अक्षरे आहेत. १९८१ साली केंब्रिजमध्ये ती सर्व वाचली गेली. २००४ साली स्वीडनमध्ये असे उंदीर निर्माण करण्यात आले की, ज्यांच्यात या सूत्राची नक्कल करताना चुका तपासल्या जात नाहीत. ते ऐन उमेदीत म्हातारे झाले. केस गळाले, पाठीला पोक आले, हाडे विरळ झाली, आणि निम्मे उंदीर अठ्ठेचाळीस आठवड्यांच्या आत मेले. मात्र त्यांच्या पेशींत काजळी विशेष वाढलेली नव्हती. लेखनिकाच्या चुका साचत गेल्या, चक्रे मोडकी घडली, शक्तीचा पुरवठा आटला आणि पेशी मरत गेल्या. हार्मनने गुन्ह्याची जागा अचूक हेरली होती. गुन्हेगार मात्र त्याला वाटला तो एकटाच नव्हता. अठ्ठ्याण्णव वर्षांचे आयुष्य लाभून २०१४ साली तो निवर्तला.

निरोगी पेशी मोडक्या तंतुकणिका ओळखून त्या मोडीत काढते आणि नव्या घडविते. हे काम पाहणाऱ्या जनुकांपैकी पार्किन आणि पिंक-१ या दोहोंत बिघाड झाला, तर तरुणपणीच कंपवात जडतो. वयाबरोबर ही साफसफाई मंदावते. ती पुन्हा चालू कशी करावी, हा खरा प्रश्न.

तशाच दोषाच्या अल्पायुषी उंदरांना २०११ साली कॅनडात आठवड्यातून तीनदा, पंचेचाळीस मिनिटे, असे पाच महिने धावविण्यात आले. त्यांचे अकाली वार्धक्य बहुतांशी टळले. माणसांवरचा प्रयोग मेयो क्लिनिकमधील भारतीय वंशाचे वैद्यक श्रीकुमारन नायर यांच्या गटाने २०१७ साली प्रसिद्ध केला. मधूनमधून वेग वाढवून सायकल चालविण्याचा बारा आठवड्यांचा व्यायाम वैद्यकीय देखरेखीखाली देण्यात आला. तरुणांच्या स्नायूंतील तंतुकणिकांची श्वसनशक्ती त्याने ४९ टक्क्यांनी वाढली. पासष्ट ते ऐंशी वर्षांच्या मंडळींची ६९ टक्क्यांनी.