मोटारीतला गाणारा संगणक



मी मोटारचालकांच्या संघटनेचे काम करतो. दिवसाचे दहा-बारा तास गाडीत काढणाऱ्या माणसाला गाणे म्हणजे चैन नव्हे, सोबत आहे. कंपनीचा सेट ही बंद पेटी; बिघडला की नवा घ्या! म्हणून काही हिकमती चालक रास्पबेरी पाय हा 2012 साली इंग्लंडात निघालेला, पोस्टकार्डाहून लहान संगणक डॅशबोर्डामागे बसवतात. स्पीकरांसाठी अँप्लिफायर तेवढा वेगळा लागतो.

खरी गोम विजेची. मोटारीची बॅटरी 12 व्होल्टची, ह्याला हवेत 5. मध्ये कन्व्हर्टर घालावा लागतो, आणि तोही दमदार. कारण स्टार्टर फिरताच बॅटरीचा दाब घसरतो व संगणक मान टाकतो. उलट किल्ली बंद करताच वीज तुटली, आणि त्याच क्षणी तो कार्डावर काही लिहीत असला, तर कार्ड नासते. त्यासाठी तारा दोन घ्याव्यात. एक थेट बॅटरीवरून, फ्यूज घालून. दुसरी किल्लीवरची, केवळ निरोप्या. निरोप मिळाला की संगणकाने आवरते घ्यावे, मग टायमरने वीज तोडावी. तोडली नाही, तर काही दिवसांनी गाडी ढकलायची पाळी!

परंतु गाडी मालकाची असेल, तर पहिली तार कापण्यापूर्वी त्याची लेखी संमती घ्या. उद्या हेडलाइटची तार जळाली तरी ठपका तुमच्यावर येईल आणि वजावट पगारातून होईल. तोंडी ‘हो’ला तिथे कोणी विचारीत नाही.