रोमनेस्क कला : उदय, बहर आणि पुनर्शोध



कलेच्या इतिहासातील पुष्कळशा शैलींचे बारसे त्यांच्या हयातीत झालेले नाही. अकराव्या-बाराव्या शतकांत पश्चिम युरोपात ज्या कलेने शेकडो चर्चवास्तू उभ्या केल्या, तिच्या निर्मात्यांना ‘रोमनेस्क’ हा शब्द ठाऊक नव्हता. हे नाव १८१८ साली शार्ल द जेर्व्हिल या फ्रेंच अभ्यासकाने एका पत्रात सुचविले. लॅटिन भाषा लोकांच्या तोंडी बदलत गेली आणि तिच्यातून फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश या भाषा आकाराला आल्या. तशीच प्राचीन रोमन वास्तुकला ओबडधोबड हातांत पडून बदलली, अशी त्याची उपपत्ती होती. तिच्यात कौतुकापेक्षा कमीपणाची छटा अधिक होती. परंतु जनभाषा म्हणजे अभिजात भाषेचा बिघाड नव्हे, हे मराठी वाचकाला निराळे सांगावयास नको. ज्ञानेश्वरी ज्या भाषेत अवतरली, तीही एके काळी पंडितांच्या लेखी प्राकृतच होती.

या कलेच्या उदयाला ऐतिहासिक कारणे आहेत. नवव्या आणि दहाव्या शतकांत उत्तरेकडून व्हायकिंग, पूर्वेकडून मग्यार आणि भूमध्य समुद्रावरून अरब यांच्या स्वाऱ्यांनी युरोप हैराण झाला होता. ९५५ साली लेखफेल्डच्या लढाईत पहिल्या ओटोने मग्यारांचा पराभव केला आणि हळूहळू स्थैर्य येऊ लागले. शेती वाढली, बाजार भरू लागले, मठांकडे देणग्यांचा ओघ सुरू झाला. अकराव्या शतकाच्या आरंभी जिकडे तिकडे नवी चर्च उभी राहू लागल्याची नोंद राउल ग्लाबेर या भिक्षूने आपल्या इतिवृत्तात आवर्जून केली आहे.

या काळातील वास्तुकारांपुढचा प्रश्न मात्र अगदी व्यावहारिक होता. लाकडी छपरे पेट घेत, म्हणून छत दगडाचे हवे. रोमन वास्तूंतील अर्धवर्तुळाकार कमान समोर होतीच. पिंप आडवे ठेवून लांबीत चिरावे आणि त्याचा अर्धा भाग भिंतींवर पालथा घालावा, तसे सलग कमानी छत त्यांनी रचले. पण असे छत आपल्या भाराने भिंतींना बाहेर रेटते. तो रेटा पेलण्यासाठी भिंती जाड करणे आणि खिडक्या लहान ठेवणे भाग पडले. रोमनेस्क चर्चमधील तो गंभीर, काळोखा गारवा या गरजेतून आला आहे. पुढे दोन कमानी छते एकमेकींना छेदून भार कोपऱ्यांतील खांबांवर घेण्यात आला. इंग्लंडमधील डरहॅम येथे १०९३ साली सुरू झालेल्या कॅथीड्रलमध्ये छताला फासळ्यांसारख्या दगडी पट्ट्यांचा आधार मिळाला. जर्मनीतील स्पायर, इटलीतील पिसा, इंग्लंडमधील डरहॅम यांची रूपे भिन्न आहेत. गोल कमान आणि भिंतीचे भरीवपण हे त्यांचे समान कुळ.

या शैलीचा प्रसार मठांनी आणि यात्रेकरूंनी केला. ९१० मध्ये स्थापन झालेल्या क्लूनीच्या मठाच्या अंकित शेकडो मठ होते. स्पेनमधील सांतियागो दे कोम्पोस्तेला येथे संत जेम्सच्या समाधीकडे फ्रान्समधून यात्रेकरूंची रीघ लागे. त्या वाटांवरील तुलूझ आणि काँक येथील चर्चमध्ये वेदीमागून फिरणारा प्रशस्त प्रदक्षिणामार्ग ठेवलेला आहे. उपासनेत व्यत्यय न आणता गर्दीला पवित्र अवशेषांचे दर्शन घेता यावे, ही त्यामागील योजना.

या कलेत शिल्प वास्तूच्या अंगानेच वाढले. प्रवेशद्वारावरील अर्धवर्तुळाकार पटावर अंतिम न्यायनिवाडा कोरलेला असे आणि निरक्षर यात्रेकरूही तो पाहत आत शिरे. जागा कमानीची, म्हणून आकृती ताणल्या, वाकविल्या, लहानमोठ्या केल्या. प्रमाणबद्धतेचे अज्ञान म्हणून पुढे ज्याची टीका झाली, ते वास्तविक आशयाच्या तीव्रतेसाठी केलेले रूपांतर होते. स्तंभशीर्षांवरील विचित्र प्राण्यांवर क्लेर्व्होच्या संत बर्नार्डने बाराव्या शतकातच कडक आक्षेप घेतला. भिक्षूंचे मन ग्रंथांऐवजी या शिल्पांत रमेल, ही त्याची भीती. शिल्पकारांच्या सामर्थ्याची ती नकळत दिलेली पावतीच होय.

पॅरिसजवळील सँ-दनी येथे मठाधिपती सुजेरने ११४० ते ११४४ या काळात चर्चचा पूर्वभाग नव्याने बांधला. टोकदार कमानी आणि रंगीत काचांतून येणारा प्रकाश यांनी गॉथिक युग सुरू झाले, आणि रोमनेस्क जुनी ठरली.

जुन्या ठरलेल्या कलेच्या वाट्याला काय येते, हे दोन उदाहरणांवरून दिसते. क्लूनीचे १०८८ मध्ये आरंभिलेले तिसरे चर्च सुमारे १८७ मीटर लांबीचे होते. रोममधील सेंट पीटर्सची नवी वास्तू उभी राहीपर्यंत ख्रिस्ती जगात त्याहून मोठे चर्च नव्हते. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर १७९८ मध्ये ते विकले गेले, आणि पुढील पंचवीस वर्षांत दगडांसाठी पाडले गेले. आज त्याचा अल्पसा भाग तेवढा उभा आहे.

ओतँ येथील न्यायनिवाड्याच्या शिल्पपटाची कथा वेगळी आहे. ख्रिस्ताच्या पायांखाली जिस्लेबेर्तुस हे नाव त्यावर कोरलेले आहे. ते शिल्पकाराचे की आश्रयदात्याचे, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. १७६६ मध्ये तेथील धर्माधिकाऱ्यांना हे शिल्प बेढब वाटले, म्हणून त्यांनी ते गिलाव्याखाली बुजविले. ख्रिस्ताचे मस्तक पुढे येत होते, ते तोडून काढले. राज्यक्रांतीत जागोजागी शिल्पे फुटली, पण गिलाव्याखालचा हा पट बचावला. १८३७ मध्ये तो पुन्हा उघडा झाला, आणि १९४८ मध्ये ते मस्तक ओळख पटून आपल्या जागी परतले.

गिलावा देणाऱ्यांचा हेतू जतनाचा नव्हता. त्यांच्या हातून जतन घडले, हा योगायोग. योगायोगावर विसंबता येत नाही, म्हणून तर समाज संग्रहालये आणि ग्रंथालये स्थापन करतो. आजच्या अभिरुचीला जे रुचत नाही तेही फडताळात जपून ठेवणे हे त्यांचे काम आहे, कारण त्याची पारख करणारा वाचक कदाचित अजून जन्मायचा असतो.