थांबणाऱ्या यंत्राची पाठचिकित्सा



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याच वर्गात मी व्याकरणाचे पहिले धडे गिरवले. त्यामुळे आज सदलग्यात या व्यासपीठावर उभे राहताना मन थोडे संकोचले आहे. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने संतसाहित्यावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असेल. मी मात्र आज एका संगणकाविषयी बोलणार आहे. त्यात शेवटी माझाच विषय कसा निघाला, ते आपण पाहालच.

निवृत्तीनंतर मी आपल्या सीमाभागातील बोलीचे शब्द संकलित करीत आहे. दूधगंगेच्या काठच्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलेले शब्द मी चिठ्ठ्यांवर टिपून ठेवले होते. २०१६ साली ते संगणकावर उतरवू लागलो. यंत्र साधे, कमी वीज खाणारे. माझ्या भाच्याने त्यावर लिनक्स बसवून दिले. लिनस टॉरव्हाल्ड्स या हेलसिंकीतील विद्यार्थ्याने १९९१ साली ज्याचा गाभा लिहिला, ती ही प्रणाली. तिची संहिता कोणालाही वाचता येते, एवढेच मला तेव्हा ठाऊक होते. जुन्या पोथ्यांत आयुष्य गेलेल्या माणसाला तेवढे पुरेसे वाटले.

पंधरा दिवसांतच ते यंत्र तटू लागले. तटणे हाच शब्द मी मुद्दाम वापरतो. उसाच्या गाडीचा बैल चढावर तटावा, तसे ते होई. पडद्यावरचे सारे दिसत असे, पण बाण हलत नसे, घड्याळातला मिनिट पुढे सरकत नसे. वीज तोडून पुन्हा सुरू करण्यावाचून गत्यंतर नसे. एका दुपारी मोटेचे शब्द लिहीत होतो: नाडा, सोंदूर, थारोळे, धाव. २२ नोंदी झाल्या आणि यंत्र थांबले. चिठ्ठ्यांवर नुसते शब्द होते. अर्थाच्या छटा आणि वापराची वाक्ये मी आठवून आठवून लिहिली होती. ज्या शेतकऱ्याने ती मला सांगितली, तो त्या आधीच्या वर्षी वारला होता.

उपाय सांगणाऱ्यांची गावात वाण नव्हती. कोणी विजेला दोष दिला, कोणी मराठी टंकाला. जवळच्या शहरातील एका दुकानदाराने सारे पुसून नव्याने भरण्याचा सल्ला दिला. मीही उतावीळपणे एकाच दिवशी तीन गोष्टी केल्या: स्मृतीची पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवली, चित्रपटलाचा चालक बदलला आणि यूपीएस आणला. नऊ दिवस यंत्र सुरळीत चालले. दहाव्या दिवशी थांबले. तिन्ही निरुपयोगी होत्या, की एखादीने थोडा गुण दिला होता, हे सांगायला मजजवळ काहीच साधन उरले नाही.

त्या रात्री मला भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताची आठवण झाली. १९१९ मध्ये आरंभलेली ती चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पुरी झाली. १,२५९ हस्तलिखिते तीत विचारात घेतली गेली. १९२५ पासून तिची धुरा वाहणाऱ्या डॉ. वि. सी. सुखटणकरांचा कटाक्ष असा, की हस्तलिखितांचा पुरावा असताना आपल्या कल्पनेने पाठ सुधारू नये. हे मी विद्यार्थ्यांना जन्मभर शिकवले आणि स्वतःच्या टेबलावर मात्र विसरलो!

मग एक वही घातली. प्रत्येक वेळी तारीख, वेळ, कोणते काम चालू होते, हवा कशी होती, हे लिहू लागलो. यंत्र थांबताच दोन परीक्षा घ्यायच्या. पहिली, घरातल्या दुसऱ्या यंत्रावरून त्याला साद घालायची. उत्तर आले, तर केवळ पडदा गोठला आहे, आतला गाभा जिवंत आहे. दुसरी, ऑल्ट आणि सिसआरक्यू या कळा दाबून धरून आर, ई, आय, एस, यू, बी ही अक्षरे सावकाश, क्रमाने दाबायची. ही सोय आधी चालू करून ठेवावी लागते. गाभा शुद्धीवर असेल, तर तो न उतरवलेला मजकूर चकतीवर उतरवतो आणि मगच यंत्र नव्याने सुरू करतो. माझे यंत्र कशालाच ओ देईना.

लिनक्स स्वतःची दैनंदिनीही ठेवते. माझ्या यंत्रात ती बंद होताच पुसली जाई. ती जपण्याची व्यवस्था प्रथम करावी लागली. नंतर मागच्या खेपेची पाने उघडली, तर शेवटच्या ओळीत तक्रारीचा एक शब्द नाही. वाक्य मध्येच तुटलेले. स्मृतीची परीक्षा मेमटेस्टने रात्रभर घेतली, एकही चूक निघाली नाही. तापमानही बेताचेच होते.

१९ नोंदी झाल्यावर वही एका बैठकीत वाचली आणि चमकलो. १७ वेळा मी लिहीत नव्हतो! शब्दाचा अर्थ आठवत हात थांबवून बसलो होतो, किंवा चहाला उठलो होतो. मी थांबलो की यंत्र थांबत होते. भाच्याला दूरध्वनी केला. तो म्हणाला, "मामा, मग ते कामानं दमत नाही, झोपेतून उठत नाही!"

त्याने उलगडून सांगितले ते असे. काम नसले की प्रोसेसर वीज वाचवण्यासाठी डुलकी घेतो. या डुलकीच्या पायऱ्या असतात. जितकी खोल, तितकी बचत अधिक. माझ्या यंत्रातल्या जातीचा प्रोसेसर खोल पायरीवरून कधीकधी परतत नसे. दैनंदिनी कोरी का, हेही कळले: लिहिणाराच निजला होता. उरलेल्या दोन नोंदींचा उलगडाही झाला. दोन अक्षरांच्या मधल्या क्षणातदेखील ही डुलकी लागते.

उपाय एका ओळीचा. यंत्र सुरू होताना गाभ्याला, पहिल्या पायरीखाली उतरू नकोस, असे बजावायचे. वीज किंचित जास्त लागते. पूर्वीचा सर्वांत मोठा खंड नऊ दिवसांचा होता, म्हणून मी तीस दिवस थांबलो. यंत्र एकदाही तटले नाही. मग तीच ओळ काढून पाहिली. तिसऱ्या दिवशी तटले. ओळ परत घातली, तेव्हाच माझी खात्री पटली.

आपल्यापैकी कोणाचे यंत्र असे थांबत असेल, तर हीच ओळ घालावी असे मी म्हणत नाही. आधी मंदावून मग थांबत असेल आणि चकतीचा दिवा सारखा लुकलुकत असेल, तर स्मृती अपुरी पडते. जड कामात थांबत असेल, तर उष्णता, धूळ किंवा वीजपुरवठ्याचा डबा पाहावा. पडदा गोठूनही साद मिळत असेल, तर चित्रपटलाच्या चालकाकडे वळावे. वही मात्र पहिल्या दिवसापासून घालावी. मी ती उशिरा घातली.

मोटेच्या २२ नोंदींपैकी १९ मी पुन्हा लिहू शकलो. तिन्हींपुढे नुसता शब्द आहे आणि जागा कोरी ठेवली आहे. अंदाजाने ती भरलेली नाही. या सभेत ज्यांच्या घरी मोट चालली असेल, ज्यांना वडिलांचे, चुलत्यांचे बोलणे आठवत असेल, त्यांनी कार्यक्रमानंतर मला जरूर भेटावे. चिठ्ठ्या मी बरोबर आणल्या आहेत.