हरल्यावर काय जातं? दहा वर्षांतले माझे सहा खेळ

(ज्यांच्याकडं रेंज कमी आहे किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलणं जवळपास तसंच ठेवलंय. अडखळणं आणि मागून गेलेल्या ट्रॅक्टरचा आवाज तेवढा काढलाय.)

वडूजवरनं बोलतोय. मागच्या भागानंतर तुमच्या बऱ्याच व्हॉइस नोट आल्या आणि त्यात निम्म्या जणांची फर्माईश एकच होती. भावा, गेमांवर एक भाग कर, तुझे टॉप टेन सांग. तर आज करतोय. दहा नाहीत, सहाच आहेत. वर्षं मात्र दहा धरलीत, २०१६ ते २०२५. कारण २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, नेट स्वस्त झालं आणि त्यानंतरच आपल्याकडं प्रत्येकाच्या खिशात गेम आला. त्याआधी आमच्या घरी एकच फोन होता, तोही बाबांचा, आणि त्यात एकच साप होता.

यादी करताना ग्राफिक्स किती भारी, डाउनलोड किती कोटी, हे मी बघितलं नाही. प्रत्येक खेळाला एकच प्रश्न विचारला: हरल्यावर काय जातं? हा प्रश्न मला कुठं सापडला ते पुढं सांगतो. आधी खेळ.

१. लुडो किंग

हसू नका. हा आपल्या नवी मुंबईतल्या गेमेशन कंपनीचा गेम, विकास जयस्वाल यांनी काढलेला, २०१६ सालचा. चार वर्षं तो होताच, पण मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि तो घराघरांत शिरला. आमची आत्या डोंबिवलीत अडकलेली, काका सुरतला, आम्ही वडूजमध्ये. रात्री साडेनऊला व्हॉट्सॲपवर रूमचा कोड यायचा आणि डाव बसायचा. आजीला फोन धरायला जमत नव्हतं. ती शेजारी बसून नुसती ओरडायची, "हिरवी पळव की रं, मारंल ती!"

पहिल्याच दिवशी आजी म्हणाली, हे तर आमच्या कवड्यांचंच आहे. बरोबर होतं तिचं. लुडो म्हणजे आपली पचिसीच. इंग्रजांनी ती तिकडं नेली, कवड्यांच्या जागी फासा आणला आणि १८९६ साली इंग्लंडात तिचं पेटंटही घेतलं. सव्वाशे वर्षांनी ती फोनमधून आजीकडं परत आली.

हरल्यावर काय जातं? थोडी इज्जत. काका एकदा चार सोंगट्या घरात असताना हरला आणि तीन दिवस ग्रुपवर गप्प होता. चौथ्या रात्री साडेनऊला कोड त्यानंच पाठवला.

२. पबजी, म्हणजे आताचं बीजीएमआय

हे नाव घेतलं नसतं तर तुम्ही मला अनफॉलो केलं असतं. पबजी मोबाइल २०१८ ला आला. २ सप्टेंबर २०२० ला सरकारनं बंद केला. जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय या नावानं परतला, जुलै २०२२ ला पुन्हा स्टोअरवरून गायब झाला, मे २०२३ ला पुन्हा हजर. एसटीचं वेळापत्रकसुद्धा एवढं बदलत नाही.

आमचा स्क्वॉड चौघांचा. एक दूध डेअरीवर, एक पुण्यात कंपनीत, एक एमपीएससीवाला आणि मी. विमानातून शंभर जण उतरतात, शेवटी एक टीम उरते आणि साधारण अर्ध्या तासात निकाल लागतो. लोक म्हणतात यात नुसती मारामारी आहे. मला त्यातलं बोलणं आवडतं. "दोनशे पंधरावर एक, झाडामागं, मी कव्हर देतो, तू फिरून ये." कमी शब्दांत नेमकं बोलायला मी तिथं शिकलो. डेअरीवाला एरवी तोंड उघडत नाही, पण स्क्वॉडमध्ये तोच कॅप्टन.

हरल्यावर काय जातं? थोडी रँक आणि अर्धा तास. त्यातला अर्धा तास जपायचा. "लास्ट मॅच" म्हणत म्हणत चार मॅच होतात आणि गेलेली रात्र कुठल्याच स्कोअरबोर्डवर दिसत नाही. आमच्या डेअरीवाल्याला पहाटे पाचला उठायचं असतं, म्हणून आमचा नियम ठरलाय: त्यानं "बास" म्हटलं की बास.

३. स्टारड्यू व्हॅली

हा बहुतेकांना माहीत नसेल. एरिक बरोन नावाच्या अमेरिकन पोरानं चार वर्षं खपून एकट्यानं केलेला गेम. चित्रं त्याची, संगीत त्याचं, गोष्ट त्याची. २०१६ ला कॉम्प्युटरवर आला, २०१९ ला अँड्रॉइडवर. एकदा विकत घ्यायचा, पुन्हा जाहिरात नाही की काही नाही.

गोष्ट अशी. शहरात ऑफिसात कंटाळलेल्या पोराला आजोबांची चिठ्ठी मिळते आणि तो गावाकडच्या पडीक रानात येतो. दगड वेचतो, झुडपं काढतो, बी टोकतो, झारीनं पाणी घालतो. पहिल्यांदा खेळलो तेव्हा आई मागून बघत होती. म्हणाली, "फोनमध्ये काय खुरपतोयस? बाहेर ये, खरं रान पडलंय." (हसू)

आता खटाव तालुक्यातल्या माणसानं हा गेम खेळणं म्हणजे गंमतच आहे. त्यातल्या टीव्हीवर उद्याच्या पावसाचा अंदाज येतो आणि तो खरा ठरतो! तळं कधी आटत नाही. पाणी घालायचं राहिलं तर पीक जळत नाही, नुसतं वाढायचं थांबतं. घराशेजारी एक पेटी असते, त्यात माल टाकायचा, सकाळी पैसे जमा. आडत नाही, हमाली नाही, तोलाई नाही. आणि एका दिवसात कितीही माल टाकला तरी भाव पडत नाही.

आपल्याकडं डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात एका रात्रीत बंद झाली आणि पाठोपाठ भाव कोसळला. ज्यांच्या वावरात तेव्हा कांदा होता त्यांना विचारा. तसला एकही दिवस स्टारड्यूमध्ये येत नाही. म्हणून हा गेम खोटा आहे असं मी म्हणणार नाही. शेतकऱ्याला रात्री जे स्वप्न पडत असेल ते त्या अमेरिकन पोरानं न कळत काढून ठेवलंय: कष्ट केले की फळ मिळणार, नक्की मिळणार. माझे बाबा एकदा वीस मिनिटं तो गेम बघत बसले. मग एवढंच म्हणाले, "असलं रान असतं तर तुला पुण्याला कशाला धाडलं असतं?"

हरल्यावर काय जातं? यात हरणंच नाही. एखादा दिवस वाया जातो, उद्या पुन्हा कोंबडा आरवतो.

४. बुद्धिबळ

हा जुना खेळ दहा वर्षांच्या यादीत कसा? कारण याच दहा वर्षांत तो आमच्या फोनवर फुकट आला. लीचेस नावाचं ॲप आहे, देणग्यांवर चालतं. जाहिरात नाही, वर्गणी नाही. नेट खराब असेल तर पत्रानं खेळल्यासारखा डाव लावता येतो, म्हणजे एका चालीला काही दिवस मिळतात. आमच्या रानात रेंज फक्त विहिरीच्या कठड्यावर येते. सकाळी मोटार सुरू करताना एक चाल, संध्याकाळी बंद करताना एक.

आणि हा खेळ आपल्या भागाला परका नाही. शेजारच्या सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ चालवलं आणि पिढ्यानपिढ्या खेळाडू घडवले. वूमन ग्रँडमास्टर स्वाती घाटे सांगलीच्याच. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला. एकोणीस वर्षांची पोरगी, फायनलला समोर कोनेरू हंपी. त्या एका विजयानं ती ग्रँडमास्टर झाली. त्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या दोन मुलींनी माझ्याकडून लीचेस टाकून घेतलं. त्यातली एक आता मला हरवते.

हरल्यावर काय जातं? रेटिंगचे पाच-दहा आकडे. पण डाव सगळाच्या सगळा लिहिलेला राहतो. कुठं चुकलं ते कॉम्प्युटर फुकट दाखवतो. हरणाऱ्याच्या हातात जिंकणाऱ्यापेक्षा जास्त माल राहतो, असा हा खेळ.

५. शासन

हा टेबलावरचा खेळ. मुंबईच्या झैन मेमन यांनी बनवला, २०१९ मध्ये लोकवर्गणीतून उभा राहिला आणि जगभर गेला. महाग आहे. मी पुण्यात मित्राच्या रूमवर खेळलो. यात प्रत्येक खेळाडू पुढारी. तुम्हाला प्रश्न विचारले जातात, तुम्ही हो किंवा नाही म्हणायचं, आणि उत्तराप्रमाणे तुम्हाला पैसा, वजन, प्रसिद्धी किंवा लोकांचा विश्वास मिळतो. त्यातून मतदार मिळवायचे आणि एकेका भागात बहुमत करायचं.

मजा कुठंय सांगू? पहिले दोन प्रश्न आपण मनापासून सोडवतो. तिसऱ्याला लक्षात येतं की आपल्याला पैसा कमी पडतोय. मग आपण प्रश्न वाचायच्या आधी, कुठल्या उत्तराला काय मिळेल याचा अंदाज घ्यायला लागतो. आमच्यातला सगळ्यात तत्त्वाचा पोरगा तासाभरात सगळं विकून बसला होता. (हसू) नगरपंचायतीच्या निवडणुकीत पुढाऱ्यांना शिव्या देणाऱ्या प्रत्येकानं हा खेळ एकदा खेळावा.

हरल्यावर काय जातं? आपण लय सरळ आहोत हा समज जातो. तो गेलेला बरा.

आता तो प्रश्न

हरल्यावर काय जातं, हा प्रश्न मला माझ्या एका मित्रानं दिला. नाव सांगत नाही, ॲपचंही नाही. गोष्ट सांगायला त्यानं परवानगी दिलीय. पत्त्यांचं ॲप होतं, पैशांवरचं. सुरुवातीला बोनस मिळाला, पहिल्या आठवड्यात साडेचार हजार जिंकला, त्यातून आम्हाला मिसळही चारली. तीन महिन्यांनी आल्याच्या बियाण्यासाठी घरात ठेवलेले अडतीस हजार गेले. घरी समजलं ते लागणीच्या आदल्या दिवशी. त्या वर्षी त्यांच्या त्या वावरात आलं झालंच नाही.

मी त्याला विचारलं, कळत नव्हतं का रे? तो म्हणाला, "बाकीच्या गेममध्ये मी हरलो की गेम हरायचो. ह्यात मी हरलो की बाबा हरायचे."

तेव्हापासून प्रत्येक गेमकडं मी असाच बघतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्यात बंदी आहे, मग तो नशिबाचा असो की कौशल्याचा. त्यांच्या जाहिरातीवर आणि बँकेच्या व्यवहारावरही बंदी. शिक्षा चालवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. हे नीट ऐका, कारण अडकलेली पोरं केस होईल या भीतीनं बोलत नाहीत. ई-स्पोर्ट्सला मात्र कायद्यानं मान्यता दिलीय.

कायदा आला म्हणून लिंका यायच्या थांबल्या नाहीत. कुणी फसवलं असेल तर १९३० वर फोन करा. आणि मन लागत नसेल, झोप उडाली असेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. माझ्या मित्राला हे नंबर उशिरा मिळाले. तुम्ही आत्ताच सेव्ह करा, मी थांबतो.

६. वॉटर कप

झालं सेव्ह? मग शेवटचा. तुम्ही म्हणाल हा कुठं गेम आहे. बघा की: टीम होती, वेळ ठरलेली होती, गुण होते, नियम होते, बक्षीस होतं. पानी फाउंडेशनची सत्यमेव जयते वॉटर कप स्पर्धा. २०१६ ला तीन तालुक्यांत सुरू झाली आणि पहिला नंबर आपल्याच जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातल्या वेळूनं काढला. २०१७ ला आपल्या खटावचं भोसरे राज्यात दुसऱ्या क्रमांकाच्या मानकऱ्यांत होतं. २०१८ ला माणमधलं टाकेवाडी पहिलं.

२०१७ ला मी दहावीची परीक्षा देऊन मोकळा होतो आणि मामाच्या गावाला होतो. ८ एप्रिल ते २२ मे, पंचेचाळीस दिवस. पहाटे भोंगा वाजायचा, माळावर फक्कीनं रेघा मारलेल्या असायच्या आणि प्रत्येकाला आपापला समतल चर. कुदळ, टिकाव, पाटी. पहिल्या दिवशी माझ्या हाताला फोड आले. शेजारच्या चरावर सत्तरीची एक आजी होती, ती मला म्हणाली, "पोरा, उरकंना तर माझं झाल्यावर तुझ्यात येते." एरवी एकमेकांच्या दारात न जाणारी भावकी एका चरात उतरलेली मी तिथं बघितली.

त्या गावाला काही मिळालं नाही. ना राज्याचा नंबर, ना तालुक्याचा. निकालाच्या दिवशी पोरं हिरमुसली. पण चर होते तिथंच होते. पावसाळ्यात त्यात पाणी साचलं आणि मुरलं. चर म्हणजे जादू नाही. पाऊसच झाला नाही तर तोही कोरडा, आणि गाळ काढला नाही तर दोन-तीन वर्षांत भरून जातो. आता तिथले निम्मे भरलेत, हेही सांगून टाकतो. तरी उरलेल्यांच्या खाली विहिरींना अजून फरक जाणवतो, असं मामा म्हणतो.

हरल्यावर काय गेलं? पंचेचाळीस दिवसांचा घाम. आणि तोही गेला म्हणता येत नाही, जमिनीत आहे.

तर ही माझी यादी. तुमची वेगळी असणार. कुणी म्हणेल फ्री फायर कुठाय, कुणी म्हणेल कॅरम कसा विसरलास. पाठवा मला. व्हॉइस नोट एक मिनिटाची ठेवा, गेमचं नाव सांगा आणि हरल्यावर तुमचं काय गेलं तेवढं सांगा. पुढच्या भागात निवडक ऐकवतो. पैशांच्या गेममध्ये कुणी अडकलेलं माहीत असेल तर त्याला हा भाग पाठवा, आणि पाठवून गप्प बसू नका, संध्याकाळी त्याच्या घरी जा.

चला, लाइट जायची वेळ झाली. भेटू.